काळ्या जमिनीची चादर

नरसीचे रंगारी मूळचे मारवाडातले. कापडावर छापायचे लाकडी ठसे पोत्यात भरून त्यांचा कुणी पणजा कयाधूच्या काठी आला आणि इथलाच होऊन गेला. पुढच्यांनी बोली सोडली, बाजरी सोडली, बायकाही जवळपासच्याच करायला लागले. आताचा रंगारी गुलाबसिंग, त्याची आई नर्मदाबाई जवळच्याच हट्टा गावची. तिच्या तोंडून मारवाडीचा एक शब्द निघेल तर शपथ. पण गुलाबसिंगच्या लग्नाची वेळ आली तेव्हा त्याच्या बापाच्या डोक्यात काय भरलं कुणास ठाऊक. ठसे त्या मुलखाचे, तर ते चालवणारा हातही त्याच मुलखाचा पाहिजे, असं म्हणून म्हाताऱ्यानं थेट मारवाडातून सून आणली. आणि आणली ती आणली, वर्षाच्या आत स्वतः डोळे मिटून मोकळा झाला. आता सासूनं सुनेशी कुठल्या भाषेत भांडायचं, हे ज्याचं त्यानं बघावं.

ती सून म्हणजे पारू. चौतीस सालच्या उन्हाळ्यात ती हिंगोलीच्या स्टेशनावर उतरली तेव्हा तिच्या डोक्यावरची ओढणी नाकाच्या शेंड्यापर्यंत खाली होती. नरसीपर्यंतचा सगळा रस्ता तिनं बैलगाडीत बसून फक्त स्वतःच्या पायांकडे बघत पार केला. गावातल्या बायकांना हा मोठाच खेळ मिळाला. शेजारची मनकर्णा, तातेराव पाटलाची सून, पदर नाकापर्यंत ओढून पारूची हुबेहूब नक्कल करायची आणि दाराच्या चौकटीला कपाळ आपटून दाखवायची. पण याच मनकर्णानं तिला नदीवर धुणं धुताना मराठी शिकवली. आधी शिव्या शिकवल्या, मग भाज्यांची नावं, मग सासूला उलट उत्तर कसं द्यायचं ते. विद्यार्थीण हुशार निघाली. चौथ्या पावसाळ्यात पारू मनकर्णाहून जास्त बोलत होती आणि नर्मदाबाई कपाळाला हात लावून म्हणत होती, की ही मुकी होती तेव्हाच बरी होती.

पारू रमली होती. नवरा भला, कामाला वाघ, फक्त नदीत कापड आपटताना भसाड्या आवाजात अभंग म्हणायचा एवढाच काय तो दोष. अंगणात एक पोरगी रांगत होती. पण एक काटा मनात रुतून बसला होता, आणि तो होता तिची आई नीलाबाई.

नीलाबाईनं एवढ्या लांब लेक दिली ती गावाच्या नावावर. छपाई करणारे हे लोक नामदेवाला आपला मानतात, आणि नरसी नामदेवाचं जन्मगाव. देवाच्या गावात पोरीचं वाईट कसं होईल, असा तिनं विचार केला. लग्न झाल्यावर मात्र कुणी फिरस्त्यानं तिला सांगितलं, की तिकडची जमीन काळी असते, पावसात बैल पोटापर्यंत गिळते, माणसाचा तर पत्ताच लागत नाही. जन्मभर वाळूत वावरलेल्या बाईला हे खरं वाटलं. पारूनं दत्तोपंत मास्तरांकडून हिंदीत पत्रं लिहून पाठवली. मास्तर सज्जन गृहस्थ, पण त्यांचं प्रत्येक पत्र 'येथील सर्व मंडळी कुशल' इथं सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. नीलाबाईच्या गावातली एक पोरगी बाळंतपणात गेली होती, आणि तिच्या सासरची कुशलतेची पत्रं त्यानंतरही वर्षभर येत राहिली होती. त्यामुळं कागद म्हटला की नीलाबाई तो उघडतसुद्धा नसे.

हे पारूला कळलं अडतीस सालच्या दिवाळीत. त्यांच्याच जातीचा एक म्हातारा नामदेवाच्या दर्शनाला नरसीत आला होता. तो रंगाऱ्याच्या घरी जेवायला थांबला आणि जेवता जेवता त्यानं आईचा निरोप सांगितला. कागद कुणीही लिहील. लेकीच्या हातचं काही असेल तर धाड. म्हातारा आणखी चार देवस्थानं करून परतीला पुन्हा याच वाटेनं येणार होता. तोवर काय ते तयार ठेव, म्हणाला.

पारूनं त्या दिवशी भाकरी दोनदा करपवली. हातचं म्हणजे काय पाठवायचं? छापलेली ओढणी पाठवली तर आईला हात ओळखू येईल. ठशाचा डावा कोपरा जरा जास्त दाबायची पारूची खोड आईला पाठ होती, त्याच खोडीपायी लहानपणी तिनं मार खाल्ला होता. हात ओळखला की लेक जिवंत आहे एवढं कळेल. पण जिवंत तर तुरुंगातला माणूसही असतो. लेक सुखात आहे, काळ्या जमिनीनं तिला गिळलेलं नाही, उलट तिला पोसलं आहे, हे आईला कसं कळणार? बुट्ट्यांच्या रांगा हे सांगत नाहीत. मग तिनं ठरवलं, की गावच छापून पाठवायचं.

आता गाव छापायचं म्हणजे काय, हे तिलाही माहीत नव्हतं. त्यांच्या धंद्यात एक ठसा घ्यायचा आणि कापड संपेपर्यंत तोच मारत जायचा. एकसारखं आलं की चांगलं. पारूनं एक जाडंभरडं चादरीएवढं कापड हिरड्याच्या पाण्यात बुचकळून वाळवलं, घरातले सगळे ठसे अंगणात मांडले आणि त्यांच्याकडे अशी बघत बसली, की नर्मदाबाईला वाटलं हिला झपाटलं.

झपाटलंच होतं. लुगड्याच्या काठाची वेल तिनं वाकडी वाकडी मारत नेली, ती कयाधू झाली. करवतीच्या दात्यांचा ठसा वरच्या बाजूला मारला, तो पलीकडचा माळ झाला. कुयरी उलटी धरली तर कडुनिंबाचं झाड निघालं. एका जुन्या ठशावर देवळाच्या कळसासारखी नक्षी होती. ती गावाच्या मधोमध बसवून नामदेवाचं देऊळ केलं. नदी कुठं वळते, नावाडी कुठं उतरवतो, रंगाऱ्याचं घर कुठं, हिंगोलीची वाट कुठून येते, सगळं जिथल्या तिथं.

नर्मदाबाई दोन दिवस गप्प राहिली, म्हणजे तिच्या मानानं फारच झालं. मग म्हणाली, "हे काय करून राहिली गं तू? अंथरायचं का पांघरायचं?"

"बघायचं," पारू म्हणाली.

बघायला म्हणून गल्लीतल्या बायका आल्या. प्रत्येकीनं आपलं घर शोधलं आणि ते लहान काढलं म्हणून कुरकुर केली. मनकर्णानं मात्र जरा लांब उभं राहून बघितलं. तिला जमीन पटली नाही. पारूनं शेतं तशीच सोडली होती, हिरड्याच्या पिवळट रंगाची. "आमचं वावर असं भुरं काहून?" मनकर्णानं विचारलं. "ही तर तुज्या मायची वाळू झाली."

पारूला पटलं. आईची भीती काळ्या जमिनीची, तर लपवून कसं चालेल? उलट काळीच दाखवायची, चांगली गच्च काळी, आणि तिच्यावर पीक दाखवायचं. तिनं चिखल नि डिंक कालवून ज्वारीच्या कणसांची जागा ठिपक्या ठिपक्यांनी राखून ठेवली. मग गंजकं लोखंड नि गूळ मडक्यात मुरवून केलेलं काळं पाणी घेतलं आणि नदीच्या अलीकडचं पलीकडचं सगळं शिवार भरून काढलं. धुतल्यावर चिखल निघून गेला आणि काळ्याभोर रानात दाणे फिकट पिवळे उमटले. गुलाबसिंग चादर पिळता पिळता थांबला आणि हे तर आपलं वावर, एवढंच म्हणाला. आपलं वावर त्यांना नव्हतंच, पण त्याला तसं वाटलं खरं.

शेवटी पारूनं नदीकाठी एक लाल ठिपका दिला. ती स्वतः. मनकर्णानं विचारलं, की मालक कुठं आहे? पारू लाजली. ज्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, त्याला ठशानं दाबायचं कसं? एवढा अभंग म्हणणारा माणूस त्या चादरीत कुठंच आला नाही.

म्हातारा परतला, चादरीचं शिवलेलं गाठोडं घेऊन गेला, आणि पारू अगदी हलकी झाली. तो स्वतः वाटेत आपल्या लेकीकडे राहणार होता, गाठोडं तेवढं गावच्या कुणाच्या हाती पुढं धाडणार होता. आईचं तोंड कसं खुलेल, ती चादर गावभर कशी दाखवत फिरेल, हे मनकर्णाला सांगता सांगता तिचा दिवस पुरत नसे.

मग पौष आला. संक्रांतीच्या तोंडावर रंगाऱ्याच्या घरी एकच रंग चाले, काळा. नव्या सुनांच्या चंद्रकळा, लेकरांची काळी झबली. दोऱ्यांवर सगळीकडे काळंच वाळत पडलेलं, आणि पारूचे हात कोपरापर्यंत काळे. मनकर्णा आपली चंद्रकळा न्यायला आली. तिनं ती अंगावर टाकून बघितली, आणि जुनी खोड आठवून पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला, पारू पहिल्यांदा आली होती तसा, आणि चौकटीला कपाळ आपटायला निघाली.

पारू हसायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. नाकापर्यंत काळी ओढणी घेतलेली बाई तिनं पाहिली होती. आपल्या मावशीला पाहिलं होतं, मावशीचा नवरा गेला तेव्हा. तिच्या मुलखात काळं म्हणजे दुखवटा, दुसरं काही नसतंच. तिकडं लेकीच्या सासरहून काळं कापड आलं, की ते कुणी हातात घेऊन वाचत बसत नाही. जावई गेला. आणि तिनं काळ्याच काळ्या शिवारात, नदीकाठी, एकटा एक लाल ठिपका देऊन पाठवला होता. स्वतःच्या हातानं. हात तर आई ओळखणारच.

ती काळे हात जोरजोरात मातीत घासायला लागली. मनकर्णाला वाटलं, नक्कल झोंबली. ती माफी मागायला लागली. मग काय झालं ते कळलं, तेव्हा घरात असा गोंधळ उडाला, की कढईखालचा जाळ विझला तरी कुणाचं लक्ष नाही. गुलाबसिंग आधी हसला. मी मेलो आणि मलाच खबर न्हाई, म्हणाला. नर्मदाबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, मीठमोहऱ्या आणून त्याची दृष्ट काढली, सुनेला चार शब्द सुनावले आणि मग सुनेपेक्षा जास्त स्वतःच रडली. हिंगोलीला जाऊन तार करावी असं गुलाबसिंग म्हणाला, तर पारूनं त्याचा हात धरला. तिच्या गावात तार आली, की आधी सगळे रडायला बसत आणि मग वाचणारा शोधत. पत्र आई उघडणार नाही. लेक रमली हे सांगायला गेलेल्या पारूनं आईला लेकीचं कुंकू पुसल्याची खबर दिली होती, आणि ती माघारी घ्यायला एकही वाट उरली नव्हती.

"मी जातो," गुलाबसिंग म्हणाला. "संक्रांतीचं कापड लोकांना पोचतं करतो अन् जातो. तोंड दाखवलं की झालं. याच्याइतका पक्का पुरावा कोन्त्या कागदात असतो का?"

पारूनं मान हलवली खरी, पण मन तिकडंच. आई आत्ता काय करत असेल, हेच तिच्या डोळ्यांसमोर. ठसा हातात घेतला की डावा कोपरा दाबला जाई आणि तिला रडू येई.

गुलाबसिंगला जावं लागलंच नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी तो नदीत मांड्यांपर्यंत पाण्यात उभा राहून कापड आपटत होता, अभंग चालू होता, आणि पारू अंगणात कढई घासत होती. एकदम अभंग थांबला. पारूला नवऱ्याचा आवाज आवडायचा नाही, पण तो मधेच तुटला तर मात्र ती धावायची. धावत काठावर गेली तर हिंगोलीकडून आलेली एक बैलगाडी उभी. गाडीजवळ तिचा भाऊ भीमसिंग, तोंड उघडं टाकून. आणि काठावर, ओल्या मातीत, फतकल मारून बसलेली तिची आई. मांडीवर ती चादर, काखेत एक गाठोडं, आणि डोळे नदीतल्या मेलेल्या जावयावर. जावई पाण्यातून बाहेर येऊ की नको, अशा पेचात, हातात पिळा धरून उभा.

एवढ्यात नीलाबाईला आठवलं, की जावयासमोर सासूनं असं उघड्या तोंडानं बसायचं नसतं. तिनं घाईघाईनं ओढणी नाकापर्यंत ओढली, आणि ओढणीच्या आत हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, मग पारूलाही आलं. भीमसिंगनं गाठोडं गाडीच्या चाकामागं लपवलं. पारूनं विचारलं नाही, पण तिला कळलं, त्यात सोगाची, म्हणजे दुखवट्याची, काळी ओढणी होती. लेकीला ती पांघरून माहेरी न्यायला आले होते दोघे.

लेकीच्या घरचं पाणी पिणंसुद्धा नीलाबाईला वर्ज्य, म्हणून तिचं जेवणखाण मनकर्णाकडे ठेवलं. मनकर्णाला त्याचा एवढा गर्व झाला, की दोन दिवस ती कुणाशी सरळ बोलेना. बाकी गाव नीलाबाईनं चादर हातात धरूनच बघितलं. गाडीवानानं पारूला नंतर सांगितलं, की वाटेत या बाईनं रस्ता विचारलाच नव्हता. माळ आला तेव्हा तिनं चादरीत बघितलं, नदीचं वळण आलं तेव्हा बघितलं, आणि जिथं लाल ठिपका होता तिथं बरोबर गाडी थांबवली.

संध्याकाळी दोघी मायलेकी तातेरावच्या वावराच्या बांधावर बसल्या. ज्वारी कमरेच्या वर गेली होती. पारूनं मनात घोळवलेली सगळी माफी मागायला सुरुवात केली. काळं म्हणजे काय हे मला आठवलंच नाही गं, म्हणाली. इथं पहिल्या संक्रांतीला सासूनं मला काळंच नेसवलं, पुढं लेकराला काळंच घातलं, हलव्याचे दागिने केले, गावच्या बायकांनी वाण दिलं. मला काळं म्हणजे सणच वाटतो आता.

नीलाबाईनं पायातली जोडी काढून पाय मातीत रोवले. माती पायाला चिकटली. तिनं ती बोटांत घेऊन बघितली. मग आपल्या बोलीत जे म्हणाली ते मराठीत सांगायचं तर असं:

"तू विसरलीस, ते बरं झालं. नुसती चांगली चादर आली असती, तर मी म्हटलं असतं, पोरगी आईला बरं वाटावं म्हणून छापून राहिली. पण इथं सुखात नसतीस, तर आपल्याकडचं काळं तू विसरली नसतीस."

पारूनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि शेतातली पाखरं हाकलायचं काम सोडून मनकर्णा दोघींकडे बघत उभी राहिली.

जायच्या आधी नीलाबाईनं एक काम केलं. ती अंगणात बसली, ठसा मागून घेतला आणि चादरीतल्या नदीत, पाण्याच्या मधोमध, जावयाच्या पागोट्याचा लाल ठिपका स्वतः दाबला. लेकीला लाज वाटत असेल तर वाटो. आपल्याला जावई जिथं सापडला तिथंच तो राहील, म्हणाली. गुलाबसिंग दाराआड उभा राहून हे ऐकत होता. त्या दिवशी त्यानं अभंग जरा हळू म्हटला.

पाठवणीच्या वेळी नर्मदाबाई ओटी घेऊन बाहेर आली. विहीणबाईची पहिलीच खेप, रिकाम्या हातानं कशी लावायची, म्हणून तिनं घरातली सगळ्यात चांगली गोष्ट काढली होती, नवी कोरी चंद्रकळा, लाल काठाची. तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. एक तर लेकीच्या घरचं आई घेत नाही, आणि त्यात हे काळं. भीमसिंगनं तोंड फिरवलं. नर्मदाबाईनं सगळ्यांची तोंडं बघितली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आणि पुढं केलेले हात मागं घ्यावेत की नाहीत हे तिला कळेना.

"माज्या घरचं न्हाई हे," ती कशीबशी म्हणाली. "सणाचं हाय."

मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या नीलाबाईनं पारूकडे बघितलं. पारूनं सांगितलं. मग नीलाबाईनं पुढं होऊन चंद्रकळा घेतली. लुगडं नेसायचं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं आपली ओढणी उतरवून ठेवली आणि ते काळं लुगडंच दुहेरी करून डोक्यावरून घेतलं, पाठीवर सोडलं, आणि तशीच गाडीत बसली.

हिंगोलीच्या स्टेशनावर भीमसिंगला राहवलं नाही. घरून आपण सोगाला म्हणून निघालो, गावाला ते माहीत आहे, आणि आता आई काळं पांघरून वेशीतून शिरणार. "बायका विचारतील, कोण गेलं?" तो म्हणाला.

नीलाबाईनं काठ कपाळावर नीट केला. "सांगीन, कुणी गेलं नाही," ती म्हणाली. "माझी लेक नांदते, तिथला हा सणाचा रंग आहे."

आगगाडी सुटली तेव्हा खिडकीत ते काळं लुगडं बराच वेळ दिसत राहिलं. पोचवायला आलेली पारू परत बैलगाडीत येऊन बसली. येताना पाच वर्षांपूर्वी तिनं या रस्त्यावर फक्त आपले पाय बघितले होते. आज ती मान वर करून बसली आणि गुलाबसिंगला तिनं, नाव न घेता, बैल जरा सावकाश हाकायला सांगितलं, कारण दोन्ही बाजूंना ज्वारी भरली होती आणि तिला ती बघायची होती.